माझा हक्क, त्याची सदसद्विवेकबुद्धी : पौलाने काय सोडलं आणि कुणासाठी?

पाणवठा

बायबलमधल्या, प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला (ख्रिस्ती विश्वासी समुदायाला) लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठ, नऊ आणि दहा हे तीन अध्याय सलग वाचावेत, मधे थांबू नये, असं मला फार मनापासून वाटतं. बहुतेक वेळा आपण आठव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनापाशी थांबतो. माझ्या खाण्यामुळे भाऊ अडखळत असेल तर मी पुन्हा कधीच मांस खाणार नाही, असं पौल तिथे म्हणतो. मग मंडळीत त्याचा एक नियम होतो : कुणाला काही खटकलं की ज्याच्यामुळे खटकलं त्याने ते सोडावं. पौलाला हे म्हणायचं नव्हतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा.

आधी प्रसंग पाहू. रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये करिंथ उद्ध्वस्त केलं आणि इ.स.पू. ४४ मध्ये जुलियस सीझरने तिथे नवी वसाहत बसवली. पौल तिथे गेला तेव्हा ते गजबजलेलं, श्रीमंत व्यापारी शहर होतं. तो दीड वर्ष राहिला. मंडळीत यहुदी होते, पण पुष्कळ जण आयुष्यभर मूर्तींची पूजा करून आलेले होते. बळी दिलेल्या जनावराचं मांस देवळाच्या भोजनगृहात वाढलं जाई, बाजारातही विकायला येई. आरोग्याचा देव अस्क्लेपियस याच्या देवळालगत अशी भोजनगृहं उत्खननात सापडली आहेत. वाढदिवस, आजारातून बरं झाल्याचा आनंद, व्यवसायातल्या ओळखी, सगळ्यांची आमंत्रणं तिथलीच. नाही म्हणणं म्हणजे समाजातून थोडं बाजूला पडणं.

मंडळीतले काही जण म्हणत होते, मूर्ती म्हणजे काहीच नाही, देव एकच आहे, मग खायला हरकत काय? पौल त्यांचा सिद्धान्त खोडत नाही, मान्य करतो. त्याची चिंता वेगळी आहे. कालपर्यंत त्याच देवापुढे डोकं टेकवणारा एखादा नवा विश्वासी या जाणत्या माणसाला देवळात जेवताना पाहील, त्याला धीर येईल आणि तोही खाईल. मात्र त्याच्या मनात ते अजून पूजेचंच जेवण असेल. स्वतःला पाप वाटतं ते तो करून बसेल आणि आतून मोडेल. त्याच्यासाठी ख्रिस्त मेला, आणि त्याचा नाश तुझ्या ज्ञानामुळे होतो, असं पौल म्हणतो तेव्हा तो शिष्टाचाराबद्दल बोलत नाही.

म्हणजे इथे तीन गोष्टी एकत्र आहेत. ज्याला सोडायचं आहे त्याच्या हातात खरोखर हक्क आहे. ज्याच्यासाठी सोडायचं तो खरोखर दुर्बळ आहे. आणि धोका त्याला राग येण्याचा नसून स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागायला लागण्याचा आहे. यातलं एखादं नसेल तर हे वचन तिथे लावताना दहादा विचार करायला हवा.

आता नववा अध्याय. विषय मांसाचा चालला असताना पौल अचानक स्वतःच्या मिळकतीकडे वळतो, म्हणून पुष्कळांना तो मधेच घुसलेला वाटतो. माझ्या मते सगळ्या युक्तिवादाचा कणा तोच आहे. प्रेषित म्हणून मंडळीने पोसावं हा त्याचा हक्क होता. केफासारखी (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्यासारखी) पत्नीला बरोबर घेऊन प्रवास करण्याची मुभा होती. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी घालू नये, हे नियमशास्त्रातलं वचनही तो पुढे करतो. हक्क इतका पक्का शाबीत केल्यावर मग म्हणतो, मी तो वापरला नाही. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तो तंबू शिवत राहिला.

पण करिंथमधल्या प्रतिष्ठित लोकांना हे आवडलं नाही! आपला शिक्षक हातांनी कष्ट करतो याची त्यांना लाज वाटत असावी. दुसऱ्या पत्रात पौलाला विचारावं लागतं की तुमच्याकडून काही घेतलं नाही हा माझा अपराध झाला का. मासेदोनियाच्या मंडळींकडून मात्र त्याने मदत घेतली होती. म्हणजे त्याच्या त्यागाने वजनदार माणसं दुखावली, तरी त्याने तो मागे घेतला नाही. सगळ्यांना खूश ठेवण्यासाठी केलेला त्याग असा नसतो.

तुमच्या मंडळीत या अध्यायांचा वापर कसा होतो? या वचनाच्या आधारे कुणाला काही सोडायला सांगितलं गेलं आहे का, आणि ते कुणाला, हे वाचायला आवडेल.

रेघोटी

लेख आवडला. शेवटच्या प्रश्नातला "कुणाला" हा शब्द महत्त्वाचा आहे. आमच्या मंडळीत "आमच्या भावना दुखावतात" हे बहुतेक वेळा सगळ्यात जुने, सगळ्यात ठाम विश्वासी म्हणतात. उपासनेत कोणतं वाद्य वाजवायचं, तरुणांनी कसे कपडे घालायचे, यावर हेच वचन येतं. नव्या वाद्याने त्यांचा विश्वास डळमळणार आहे का? मुळीच नाही. मग ते दुर्बळ कसे? आणि दुर्बळ कोण हे ठरवायचं कुणी?

पाणवठा

रेघोटी, रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात दोघांनाही वेगवेगळी ताकीद आहे. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. तुम्ही सांगता ती मंडळी दुसऱ्याला दोषी ठरवत आहेत, म्हणजे ताकिदीचा दुसरा अर्धा भाग त्यांच्यासाठी आहे. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याने ख्रिस्ती स्वातंत्र्यावर लिहिताना हाच भेद केला : एक अडखळण दुबळ्यांची, दुसरी परूश्यांची (परूशी म्हणजे येशूच्या काळातले नियमांबाबत काटेकोर यहुदी). पहिल्यांसाठी आपण थांबायचं, दुसऱ्यांसाठी थांबायला आपण बांधील नाही. मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात शिष्य येशूला सांगतात की तुझं बोलणं ऐकून परूशी दुखावले. तो म्हणतो, त्यांना असू द्या, ते आंधळे वाटाडे आहेत.

दीपस्तंभ

मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. पाणवठा, तुमचं वाचन काळजीपूर्वक आहे, पण त्याचा परिणाम असा होतो की प्रत्येक जण आधी समोरच्याची पात्रता तपासू लागेल. हा खरा दुर्बळ आहे का? याला खरा धोका आहे का? नसेल तर मी माझ्या मनासारखं करायला मोकळा. प्रीती अशी किमान मर्यादा शोधत नाही. रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात प्रत्येकाने शेजाऱ्याचं सुख पाहावं असं म्हटलं आहे, आणि लगेच कारण दिलं आहे : ख्रिस्ताने स्वतःचं सुख पाहिलं नाही.

तुम्ही मत्तयाचा पंधरावा अध्याय दिलात, मी सतरावा देतो. मंदिराचा कर मागायला लोक पेत्राकडे येतात. येशू म्हणतो, राजे आपल्या मुलांकडून कर घेत नाहीत, मुलं मोकळी असतात. म्हणजे त्याच्यावर बंधन नव्हतं. तरी आपण त्यांना अडखळण होऊ नये म्हणून माशाच्या तोंडातलं नाणं काढून तो कर भरायला लावतो. ते कर गोळा करणारे विश्वासाने दुर्बळ बंधू होते का? नव्हते. तरी प्रभूने हक्क सोडला.

आणि ज्येष्ठांच्या भावना म्हणजे नेहमी सत्तेचा खेळ, असंही नसतं. ज्या गीताने आईच्या मृत्यूच्या वेळी आधार दिला ते उपासनेतून जाताना पाहणं कठीण असतं.

पाणवठा

दीपस्तंभ, कराचा दाखला माझ्या तीन कसोट्यांत बसत नाही हे खरं, आणि तो दिलात हे चांगलं झालं. प्रीती पौलाच्या प्रसंगापेक्षा पुढे जाऊ शकते, जावीच. मी विरोध करतो तो दुसऱ्या गोष्टीला. त्या प्रसंगात येशू आधी स्पष्ट सांगतो की मुलं मोकळी आहेत, मग स्वतः भरतो, पेत्राचाही भरतो. तो कुणाला भरायला भाग पाडत नाही. माझा हक्क मी कुणासाठीही, अगदी रागावलेल्या माणसासाठीही सोडू शकतो. पण वचन हातात घेऊन दुसऱ्याचा हक्क त्याच्याकडून काढून घेणं, ही परवानगी मला या तीन अध्यायांत कुठेच दिसत नाही. पौल "मी खाणार नाही" म्हणतो. आणि त्या गीताचं म्हणाल, तर ते ठेवावं असं मी स्वतः सुचवीन.

जुना_वाचक

चांगली चर्चा. यात अंत्युखियाचा प्रसंग यायलाच हवा. पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासी लोकांबरोबर जेवत होता. यरुशलेमातला पुढारी याकोब याच्याकडून काही जण आले आणि तो मागे सरला, वेगळा बसू लागला. वरवर पाहिलं तर तो आलेल्यांच्या भावनांचा मान राखत होता. पौलाचा सहकारी बर्णबाही त्याच्यामागे गेला. पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला सुनावलं. का? कारण त्या "मान राखण्याची" किंमत पेत्र भरत नव्हता, परराष्ट्रीय भाऊ भरत होते. आपण दुय्यम आहोत असं त्यांना वाटलं असणार.

पौलाचे सहकारी तीमथ्य आणि तीत यांचंही तसंच. यहुद्यांमध्ये काम करता यावं म्हणून पौलाने तीमथ्याची सुंता केली. तीताच्या वेळी काही जण सुंता तारणासाठी आवश्यक म्हणून लादू पाहत होते, तेव्हा तो क्षणभरही वश झाला नाही. एकच कृती, एका ठिकाणी प्रीती, दुसऱ्या ठिकाणी सुवार्तेचा घात. हा भेद नियमांची यादी करून सापडत नाही.

नीलमोहर

इथे नेहमी फक्त वाचते, आज लिहिते आहे.

"हक्क सोडा, वधस्तंभ उचला" हे वाक्य मी ज्या बाईबरोबर बसून ऐकलं तिला घरी मार बसत होता. सल्ला देणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याने प्रार्थनाही केली. पण तिच्याकडे सोडायला हक्क होता कुठे? पौलाने सोडायला सांगितलं ते ज्ञान असलेल्यांना, देवळाच्या पंगतीची आमंत्रणं मिळणाऱ्यांना. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या) वेळी काही जण आधीच खाऊन पिऊन मोकळे होतात आणि काही उपाशी राहतात, तेव्हा पौल उपाशी राहिलेल्यांना "हक्क सोडा" म्हणत नाही. तो खाणाऱ्यांना विचारतो, तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता काय?

आणि हाच पौल फिलिप्पैमध्ये बेकायदा फटके खाल्ल्यावर तुरुंगातून गुपचूप निघून जायला नकार देतो. आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावं, म्हणतो. यरुशलेमात चाबकाने मारायला बांधतात तेव्हा नागरिकत्व सांगतो. पुढे कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागतो. फिलिप्पैत नुकत्याच जन्मलेल्या मंडळीलाही त्याचा आधार झाला असेल असं मला वाटतं. हक्क वापरणंही इतरांसाठी असू शकतं. त्या बाईला हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

दीपस्तंभ

नीलमोहर ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. अशा ठिकाणी हे वचन लावणं अन्याय आहे, त्यात मला जराही शंका नाही. मार खाणाऱ्याला सुरक्षित जागी नेणं हे मंडळीचं पहिलं काम.

रेघोटी

नीलमोहर, +१. फिलेमोनाचं पत्रही इथे आठवतं. अनेसिम गुलाम आणि फिलेमोन मालक; अनेसिमला भाऊ म्हणून परत स्वीकार, असं पौल फिलेमोनाला लिहितो. पौल म्हणतो, मला आज्ञा करायचं धैर्य आहे, पण प्रीतीस्तव विनंती करतो; तुझं चांगलं कृत्य जुलमाने झाल्यासारखं नसावं, स्वखुशीचं असावं. विनंती मालकाला आहे, सोडायचं आहे ते मालकाने.

कोरा कागद

मी ख्रिस्ती नाही, कुतूहलाने वाचतोय. एक प्रामाणिक प्रश्न. समजा बळकट लोक दुर्बळांसाठी थांबत राहिले, तर दुर्बळ कायम दुर्बळच राहणार नाहीत का? सर्वांत भित्र्या माणसाच्या वेगाने सगळा समाज चालू लागेल. अंधश्रद्धा दुखावू नये म्हणून तिला हात लावायचाच नाही, असा याचा अर्थ होतो का?

जुना_वाचक

कोरा कागद, योग्य जागी बोट ठेवलंत. यावर सोळाव्या शतकात युरोपात प्रत्यक्ष कसोटी लागली.

जर्मन धर्मसुधारक लूथर याने १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर जी पुस्तिका लिहिली तिच्या सुरुवातीला दोन विधानं शेजारीशेजारी आहेत. ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा स्वतंत्र धनी आहे, कुणाच्याही अधीन नाही. ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा सेवक आहे, प्रत्येकाच्या अधीन आहे. दोन वर्षांत हे कृतीत आणायची वेळ आली. तो वार्टबुर्ग किल्ल्यात लपलेला असताना विटेनबर्गमध्ये त्याचा सहकारी कार्लस्टाट याने उपासनापद्धती झपाट्याने बदलली, मूर्ती हटवायला सुरुवात झाली, सामान्य लोक गोंधळले. लूथर परतला आणि ९ मार्च १५२२ पासून आठ दिवस त्याने रोज प्रवचन दिलं. सुधारणा चुकीच्या आहेत असं त्याने म्हटलं नाही. ज्यांची मनं अजून तयार नाहीत त्यांना ओढू नका, वचन सांगा आणि वचनाला काम करू द्या, हा त्याचा आग्रह होता.

आणि गंमत पाहा, त्याच रविवारी झुरिकमध्ये मुद्रक फ्रोशाउअरच्या घरी उपवासकाळात सॉसेज खाल्ले गेले. तिथला धर्मसुधारक झ्विंगली तिथे होता, पण त्याने स्वतः खाल्ले नाहीत. दोन आठवड्यांनी मात्र त्याने खाणाऱ्यांच्या बाजूने प्रवचन दिलं, कारण तिथे उपवासाचा नियम लादला जात होता आणि मोडणाऱ्यांवर कारवाई होत होती. विटेनबर्गमध्ये बदल लादला जात होता, झुरिकमध्ये जुना नियम. मला दोघेही आपापल्या जागी बरोबर वाटतात.

पाणवठा

कोरा कागद, जुना_वाचक यांना एक जोड देतो. पौल कृती आवरतो, शिकवण आवरत नाही. रोमकरांस पत्रात तो सरळ लिहितो की कोणताही पदार्थ मुळात अशुद्ध नाही. ते पत्र मंडळीत मोठ्याने वाचलं जाणार होतं, मांस अशुद्ध मानून फक्त भाज्या खाणारे दुर्बळही ऐकणार होते. म्हणजे दुर्बळाला शिकवणं चालूच आहे. त्याचं मन वळण्याआधी त्याचा हात वळवायचा नाही, एवढंच. बाजारातल्या मांसाबद्दल तर तो दहाव्या अध्यायात म्हणतो, विचारत बसू नका, खा. कुणाच्या घरी बोलावलं तर समोर येईल ते खा. फक्त कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी थांबा. स्वातंत्र्य हाच तिथला नेहमीचा मार्ग दिसतो, थांबणं प्रसंगापुरतं. देवळातल्या पूजेच्या मेजावर बसायला मात्र सगळ्यांनाच मनाई आहे.

कोरा कागद

धन्यवाद. "मन वळण्याआधी हात वळवायचा नाही" हे पटलं. पण मग त्याला किती काळ द्यायचा?

पाणवठा

याला ठरावीक उत्तर नाही. पौल मुदत देत नाही. माझ्यापुरतं सांगतो : तो माणूस शिकतो आहे, प्रश्न विचारतो आहे, तोवर मी आनंदाने थांबेन. स्वतः शिकायचं थांबवून दुसऱ्यांना आवरण्यातच त्याला रस उरला, तर माझ्यासमोरचा प्रसंग बदलला.

दीपस्तंभ

आणि तो बदल झाला आहे हे ठरवण्याची घाई करू नये, एवढं माझ्याकडून.

जुना_वाचक

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. इंग्रज मिशनरी हडसन टेलर १८५४ मध्ये शांघायला पोचला आणि पुढच्या वर्षी त्याने चिनी पोशाख स्वीकारला, डोकं पुढून भादरून मागे वेणी ठेवली. तिथल्या इतर पाश्चात्त्यांना ते अजिबात रुचलं नाही. इथेही तेच : त्याने सोयीचा पेहराव सोडला तो चिनी श्रोत्यांसाठी, आणि आपल्याच माणसांची नाराजी ओढवून घेतली. पाणवठा यांनी पौलाच्या तंबूंबद्दल लिहिलं त्याची आठवण झाली.

सहप्रवासी

मी एक रोजच्या व्यवहारातली गोष्ट विचारते. आमच्या मंडळीत एक भाऊ अनेक वर्षांच्या व्यसनातून बाहेर आला आहे. प्रभुभोजनाच्या प्याल्यात द्राक्षारस असतो, आंबवलेला. तो प्याला पुढे देतो आणि मान खाली घालतो. काहींचं म्हणणं, त्याने फक्त भाकर घ्यावी. काहींचं म्हणणं, सगळ्यांनी बदलावं. पाळकांनी आमच्यावर सोपवलं आहे. इथे पौल लागू होतो ना?

पाणवठा

सहप्रवासी, माझ्या मते पूर्णपणे. हक्क खरा आहे, भाऊ खरोखर दुर्बळ जागी आहे, आणि धोका खटकण्याचा नाही, पुन्हा पडण्याचा आहे. अशाच विचारातून १८६९ मध्ये थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षाचा रस गरम करून तो आंबू न देण्याची पद्धत काढली, प्रभुभोजनासाठीच. पुढे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनी असा रस स्वीकारला.

दीपस्तंभ

सगळ्याच परंपरांना हा मार्ग मोकळा नाही, तेही लक्षात घ्यावं. रोमन कॅथलिक शिस्तीत द्राक्षाचा खरा द्राक्षारसच लागतो. जे धर्मगुरू तो घेऊ शकत नाहीत त्यांना परवानगीने आंबणं थांबवलेला ताजा रस, ज्याला मुस्टुम म्हणतात, वापरता येतो. आणि सामान्य विश्वासी फक्त भाकर घेतो तेव्हाही त्याला ख्रिस्त पूर्ण मिळतो, अशी त्यांची शिकवण आहे. म्हणजे तिथे त्या भावाने एकटी भाकर घेण्यात काही कमी राहत नाही. तुमच्या मंडळीची शिकवण काय आहे ते आधी पाळकांना विचारा.

सहप्रवासी

आमच्याकडे रस चालतो, अडचण नाही. एक सूचना आली आहे की दोन प्याले ठेवावेत, ज्याला जो हवा तो.

नीलमोहर

सहप्रवासी, दोन प्याले ठेवले तर तो कोणता उचलतो हे दर वेळी सगळे पाहतील. एकच ठेवा, रसाचा. आणि बदल जाहीर करताना त्याचं नाव घेऊ नका, कारणही सांगू नका. पण आधी त्याला एकट्याला विचारा की हे त्याला चालेल का. आपण त्याच्यासाठी ठरवतो आणि त्यालाच विचारत नाही, असं होऊ नये.

सहप्रवासी

हे सुचलंच नव्हतं. रविवारी उपासनेआधी त्याला भेटते, मग पाळकांशी बोलते.